आधी बुडबुडे, मग हातपाय

परीक्षा संपल्या की नाशिकमध्ये रसवंत्यांवर आणि पोहण्याच्या तलावांवर एकदमच गर्दी होते. त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव असो की सोसायटीतला चिमुकला तलाव, सकाळी सहापासून गळ्यात टॉवेल टाकलेली पोरं दिसू लागतात. मागच्या अंकात मुलांच्या पोहण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. मी गेली २१ वर्षं या शहरात ४ ते १० वयाच्या मुलांना पोहायला शिकवते, त्या अनुभवावर उत्तरं देते आहे. आजारपणाचा भाग जिथे येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचं आधी ऐका.

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. १ तारखेपासून तिला तलावावर नेते आहे. बारा दिवस झाले, दुसऱ्या पायरीच्या खाली उतरत नाही. तिच्याबरोबरची मुलं फळी धरून पलीकडे जाऊन येतात. सर म्हणतात, "तुम्ही बाहेर थांबा, आम्ही एकदा आत टाकतो. दोन मिनिटं रडेल, पण भीती मोडेल." सासरेही म्हणतात की मीच लाडावून ठेवलंय. टाकू द्यावं का?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : नाही. अजिबात टाकू देऊ नका.

मला टाकलं होतं. मी सात वर्षांची होते. काठावर उभी होते, मागून दोन हात आले आणि मी पाण्यात. किती वेळ खाली होते सांगता येणार नाही, पण नाकातून डोक्यापर्यंत गेलेली ती झणझण अजून आठवते. वर काढलं तेव्हा काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. भीती मोडली असं सगळ्यांना वाटलं. त्यानंतर मी पाण्यात उतरले ती एकोणिसाव्या वर्षी. मधली बारा वर्षं न्हाणीघरात डोक्यावर तांब्या ओततानासुद्धा मी श्वास कोंडून धरायचे. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नसेल, पण माझी बारा वर्षं त्यात गेली आणि मी ते विसरलेले नाही.

टाकून देण्याचा उपयोग का होत नाही, हे समजून घ्या. छातीत हवा असली की माणसाचं अंग पाण्यावर जेमतेम तरंगतं. जेमतेम म्हणजे डोक्याचा थोडाच भाग वर राहतो. घाबरलेलं मूल काय करतं? मान ताठ करून अख्खं डोकं बाहेर काढायला बघतं. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मूल उभं होतं आणि उभं झालं की बुडतं. त्यात घाबरल्यावर श्वास आत ओढला जातो, म्हणजे नेमका पाण्याचा घोट नाकातोंडात. थोडक्यात, भीतीने मूल जे जे करतं ते सगळं तरंगण्याच्या उलट असतं. ज्याला धक्का देऊन आत टाकलं, ते मूल त्या दिवशी हीच उलटी सवय शिकून घरी जातं.

तेव्हा आधी श्वास. याची सुरुवात तलावावर नको, घरी करा. मोठ्या पातेल्यात किंवा बादलीत कोमट पाणी घ्या. तिला ओठ बुडवून बुडबुडे काढू द्या. ते जमलं की नाक बुडवून "हूंऽऽ" असा मधमाशीसारखा आवाज काढायला सांगा. तोंड मिटून गुणगुणताना हवा नाकातून बाहेर येते, आणि हवा बाहेर येत असताना पाणी आत जात नाही. हे तिच्या नाकाला एकदा कळलं की अर्धं काम झालं. आंघोळीच्या वेळी तांब्या तिच्या हातात द्या. तुम्ही ओतू नका, तिला स्वतःच्या डोक्यावर ओतू द्या. पाणी कधी येणार हे तिच्या हातात असलं की खांदे आखडत नाहीत.

तलावावर मी स्टीलचा एक चमचा वापरते. तो आज दुसऱ्या पायरीवर ठेवायचा, हात घालून उचलायचा. चार दिवसांनी तिसऱ्या पायरीवर. एक वेळ अशी येते की हनुवटी ओली केल्याशिवाय चमचा मिळत नाही, मग गाल, मग कान. मूल चमच्याकडे बघत असतं, पाण्याकडे त्याचं लक्षच नसतं. उताणं तरंगायला शिकवताना तिचं डोकं तुमच्या किंवा शिक्षिकेच्या खांद्यावर असू दे आणि आधी सांगून ठेवा : "आता कानात पाणी जाईल, आवाज दूर गेल्यासारखे वाटतील, वर आलीस की परत नीट ऐकू येईल." पुष्कळ मुलं पाण्याला घाबरत नाहीत, कान एकदम बंद झाल्याला घाबरतात, आणि हे त्यांना सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. "मी सोडत नाही" असं म्हणून हात सोडू नका. शिक्षकांनाही सोडू देऊ नका. सोडायचा तर "तीन म्हणेपर्यंत सोडते" असं सांगून सोडा आणि तीन म्हणताच धरा. माझ्याकडे एक मुलगा होता, तो माझे आकडे स्वतः मोजायचा. मी तिनाचे चार केले तर आठवडाभर जवळ यायचा नाही. पाण्यावर विश्वास बसण्याआधी मुलाचा माणसावर बसावा लागतो.

बारा दिवस म्हणजे काहीच नाही. तोंड ओलं करायला १९ दिवस घेतलेली मुलगी मी पाहिली आहे. उन्हाळा संपेपर्यंत ती खोल बाजूला सूर मारत होती. उलट तिसऱ्याच दिवशी धाडकन उडी मारणारी काही मुलं पुढे श्वास नीट घ्यायलाच शिकत नाहीत.

बॅच बदलता येत असेल तर दोन गोष्टी बघा. शिक्षक पाण्यात उतरतात की काठावरून काठी धरून ओरडतात? आणि एका शिक्षकाकडे मुलं किती? या वयाची पाच-सहापेक्षा जास्त असतील तर नजर पुरत नाही. पहिले आठ-दहा दिवस तुम्ही तिला दिसाल अशा जागी बसा. सासऱ्यांना हे पत्र वाचून दाखवा. लाड करणं वेगळं आणि थांबणं वेगळं.

प्रश्न : मुलगा १४ महिन्यांचा आहे. इतक्या लहान मुलांना शिकवतात असे व्हिडिओ बघते. आत्तापासून सुरू करावं का?
— गंगापूर रोड

उत्तर : अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की एक वर्षानंतर पुष्कळ मुलांना शिकवणीचा फायदा होऊ शकतो, आणि चार वर्षांपर्यंत बहुतेक मुलं शिकायला तयार होतात. पण आपल्याकडे अडचण पाण्याच्या तापमानाची आहे. एवढ्या लहानग्याला ३० ते ३२ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं आणि बाळ मोठ्या माणसापेक्षा फार लवकर गार पडतं. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. कोमट पाण्याचा तलाव मिळाला तर तुम्ही स्वतः त्याला कडेवर घेऊन उतरा, १५-२० मिनिटं खेळवा. ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी भरली की लगेच बाहेर. नाही मिळाला तर घरचा टब पुरे, आणि त्या टबापाशीसुद्धा त्याला क्षणभर एकटं सोडू नका. या वयाचं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं.

प्रश्न : आमचं घर पंचवटीत तीन पिढ्यांचं. मी आठ वर्षांचा असताना गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. आमची टोळी गांधी तलावात मुटके मारायची. नातू सात वर्षांचा. सुनेने त्याला क्लासला घातलंय. महिना होत आला, तो नुसते बुडबुडे काढतो. मी त्याला पहाटे रामकुंडावर नेऊन आठ दिवसांत तयार करीन म्हणतो. सून नाही म्हणते.
— एक आजोबा (वय ७५)

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझे वडीलही गंगेतच शिकले, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून. त्या डब्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पाठीवर बांधलेला डबा मुलाला पालथं, आडवं ठेवायचा, हातपाय मोकळे राहायचे. आजकाल दंडाला जे हवेचे फुगे लावतात ते मुलाला उभं ठेवतात, आणि उभ्याने पोहता येत नाही. शिवाय तुमचा डबा कुणी पहिल्याच दिवशी सोडला नसणार. आधी मोठा, मग लहान, मग कुणीतरी शेजारी पोहतंय आणि डबा नाही, असंच झालं असेल. बुडबुडे काढायला लावणारे तुमच्या नातवाचे शिक्षक तेच करत आहेत. त्यांचा डबा तेवढा दिसत नाही.

पण गंगेत शिकवू नका. सूनबाईंची भीती खरी आहे. तुमच्या लहानपणी गंगापूर धरणसुद्धा पुरं झालेलं नव्हतं, ते १९६५ चं. आता वरून पाणी सोडलं की घाटावरची पातळी बघता बघता बदलते. पुराचं काय सांगावं, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आलं हे तुम्ही आयुष्यभर मोजलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो अख्खा बुडालेला तुम्ही पाहिलाच असेल. उन्हाळ्यातही पायऱ्यांवर शेवाळ असतं. रामकुंडात निर्माल्य आणि अस्थी सोडल्या जातात, आणि शिकणारं मूल दिवसाला चार-दोन घोट तरी गिळतंच. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी गढूळ असतं. तलावात मूल तळाला गेलं तर फरशीवर दिसतं. गंगेत हातभर खाली गेलं की दिसत नाही.

तरी हा उन्हाळा तुमच्याशिवाय जाऊ नये असं मला वाटतं. डॉक्टर हो म्हणत असतील तर तुम्ही तलावावर त्याच्या बॅचनंतरच्या वेळेत तिकीट काढा आणि नातवाबरोबर उतरा. त्याला उताणं तरंगायला तुम्ही शिकवा. तुमच्या पिढीतली माणसं पाण्यावर निवांत पडून गप्पा मारायची, ते आजच्या क्लासमध्ये फारसं कुणी शिकवत नाही, आणि दमलेल्या मुलाला वाचवतं तेच. हात कसे मारायचे ते मात्र त्याच्या सरांवर सोडा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, एक महिन्याचा कोर्स पुरा झाला. १५ मीटर पोहतो. आता त्याला भीतीच उरली नाही, पाणी दिसलं की धावत सुटतो. मे महिन्यात दिंडोरी तालुक्यात मामाकडे जाणार आहोत. बागेत शेततळं आहे. मेहुणे म्हणतात, भाच्याला तळ्यात उतरवू, दंडाला फुगे लावू. उतरवावं का?
— सिडको

उत्तर : तुमचं पत्र सगळ्यात शेवटी आलं, पण ते छापून यायलाच हवं असं मी संपादकांना सांगितलं.

शेततळ्यात उतरवू नका. फुगे लावूनही नको, तुम्ही शेजारी असलात तरी नको. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे द्राक्षबागांना या तळ्यांनी जगवलं आहे, त्याबद्दल वाद नाही. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. त्या योजनेतलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असतं. ३ मीटर म्हणजे तुमच्या मुलाच्या अडीच पट. आणि खोली हा खरा धोका नाहीच. धोका त्या प्लॅस्टिकच्या कागदाचा आहे. चारही बाजूंना उतार, उतारावर गुळगुळीत कागद, कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर. आत गेलेल्याला धरायला काही नाही, पाय टेकवायला काही नाही. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो, चढायला जातो आणि घसरून परत आत जातो. चार वेळा असं झालं की दम संपतो. मूल पडलं म्हणून धावलेला बापही तसाच आत जातो. दर उन्हाळ्यात आपण अशा बातम्या वाचतो.

तुमचा मुलगा १५ मीटर पोहतो ते स्वच्छ, शांत पाण्यात. तिथे तळ दिसतो, कठडा हाताशी असतो आणि सर शेजारी असतात. एक महिन्यात तेवढं येणं कौतुकाचंच आहे, त्याला शाबासकी द्या. पण "याला पोहता येतं" असं मी कधी म्हणते सांगू? टी-शर्ट-पँट घालून मूल अचानक पाण्यात पडलं, स्वतः वर आलं, वळलं, उताणं होऊन एक मिनिट शांत पडून राहिलं आणि मग काठ गाठून आपलं आपण बाहेर आलं, तर. माझ्याकडची बहुतेक मुलं दुसऱ्या उन्हाळ्यात ही परीक्षा पास होतात. त्यानंतरही मोठ्या माणसाची नजर लागतेच.

भीतीच उरली नाही, याचा तुम्हाला आनंद वाटतो आहे असं पत्रावरून वाटलं. मला काळजी वाटली. पाण्यापाशी धावणारं मूल आत्मविश्वासाचं नसतं, त्याला पाणी अजून कळलेलं नसतं. आजपासून घरात एक नियम करा : मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय कुठल्याच पाण्यात पाय घालायचा नाही. तलाव, तळं, विहीर, रिसॉर्टमधला टब, सगळीकडे. माझ्या बॅचमध्ये विचारल्याशिवाय उतरलेलं मूल त्या दिवशी काठावर बसतं, मग ते कितीही चांगलं पोहणारं असो.

मेहुण्यांना माझा निरोप द्या. तळ्याला कुंपण आणि फाटकाला मुलाचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी. चारही बाजूंना काठावरच्या पक्क्या खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला जाड दोर, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी. दोराच्या टोकाला हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. याला फार खर्च येत नाही, बागेतल्या गड्यांचाही जीव यानेच वाचतो.

बुडणारं मूल हाका मारत नाही, हेही सगळ्या घराला सांगा. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूंनी पाणी दाबत असतात, आवाज नाही. मिनिटभरात खाली जातं. लांबून बघणाऱ्याला ते खेळतंय असं वाटतं. म्हणून राखणीला बसणाऱ्याच्या हातात मोबाइल नको. कुणी पडलंच तर मागोमाग उडी घेऊ नका. पालथं पडून बांबू, दोर, साडी, काय मिळेल ते पुढे करा. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून गरगरा फिरवणं, पोट दाबणं हे आपल्याकडे अजून चालतं, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे हाताने शिकून घेण्यासारखं आहे. तुम्ही आणि मेहुणे दोघेही शिका.

प्रश्न : पोहून आल्यावर मुलीचे डोळे लाल होतात, कान दुखतो म्हणते. क्लोरीन जास्त असेल का? क्लास बंद करू?
— नाशिकरोड

उत्तर : बंद करू नका. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुधा क्लोरीन घाम-लघवीत मिसळून तयार झालेल्या पदार्थांचा असतो, डोळेही त्यानेच चुरचुरतात. म्हणून उतरण्याआधी शॉवर आणि लघवी, दोन्ही सक्तीचं. चांगला बसणारा पोहण्याचा चश्मा घ्या. तलावाच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. रोजची नोंद दाखवा असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कानासाठी बाहेर आल्यावर मान एकेका बाजूला कलती करून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा, काडी आत घालू नका. कान ओढल्यावर दुखत असेल किंवा स्राव येत असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत पाणी बंद. कानाच्या पडद्याला भोक असलेल्या मुलांनी आधी विचारूनच उतरावं, आणि फिट येणाऱ्या मुलाबरोबर पाण्यात कायम एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी हवं. जुलाब होत असताना कुणालाच नेऊ नका, अख्ख्या तलावाला त्रास होतो.

प्रश्न : ताई, मी आठ वर्षांचा आहे. मला पोहता येतं. पण खोल बाजूला गेलो आणि खाली बघितलं की पोटात गोळा येतो. मित्रांना माहीत नाही. तुम्ही नाव छापू नका.
— सातपूर

उत्तर : नाव छापलेलं नाही, निश्चिंत राहा. तू हे लिहून कळवलंस याचं मला फार कौतुक वाटलं.

तुला एक खरी गोष्ट सांगते. तू पाण्यावर असतोस तेव्हा खाली ३ फूट पाणी आहे की १२ फूट, याने तुला उचलण्यात काही फरक पडत नाही. पाणी तुला तेवढंच उचलतं. घाबरतात ते डोळे, कारण तळ लांब गेलेला दिसतो. गच्चीवरून खाली बघितल्यावर होतं तसंच, फक्त इथे तू पडू शकत नाहीस.

आता असं कर. सरांना सांग, एकट्या सरांना, हळूच. मग त्यांच्यासोबत खोल बाजूला कठडा धरून फक्त तरंग. चश्मा लावून तोंड पाण्यात घाल, "हूंऽऽ" करत खालच्या फरशीच्या रेघा मोज. पोटात गोळा आला तर येऊ दे, तू रेघा मोजत राहा. नंतर कठड्याच्या कडेकडेने पोह, हात लांब केला की कठडा लागेल एवढ्या अंतरावर. मधोमध जायची घाई नको. मी जेव्हा पुन्हा पोहायला लागले तेव्हा अख्खा महिना कडेकडेनेच पोहत होते.

किती रेघा मोजल्यास ते मला पुढच्या पत्रात कळव.